ॲव्हरेज पडलं? आधी मोजा, मग चाकं बघा, मग इंजिन

मंडळी, 'गाडी ॲव्हरेज देत नाही' म्हणून एसयूव्ही गॅरेजात आली की एअर फिल्टर बदलतात, प्लग बदलतात, इंजेक्टर साफ करतात. बिल होतं, गाडी मात्र पूर्वीइतकंच इंधन पिते. कारण ॲव्हरेज किती पडलं आणि कशामुळे पडलं, हे कुणी मोजलेलंच नसतं.

डॅशबोर्डवरचा आकडा हा संगणकाचा अंदाज असतो आणि बहुधा खऱ्यापेक्षा गोड असतो. त्यावर जाऊ नका. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. 300-400 किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. हे सलग तीन वेळा करा, कारण 30 लिटर भरताना दीड लिटर इकडेतिकडे झालं तरी पाच टक्क्यांची चूक होते.

काही वेळा गाडीत दोष नसतोच. 215/60 आर 16 काढून 215/65 आर 16 टायर घातले, तर व्यास तीन टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. मग गाडी 400 किलोमीटर धावली तरी मीटर 388च्या आसपास दाखवतो. पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉलही धरा. त्यात लिटरमागे पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून 10 टक्क्यांच्या मिश्रणावरून 20 टक्क्यांवर आल्यावर लिटरमागची ऊर्जा साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. तेवढी घट कुठलाही मेकॅनिक भरून काढणार नाही. पण लिटरमागे 14 किलोमीटरचं 11 झालं असेल, तर दोष शोधलाच पाहिजे.

टायरमधली हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. मग टायरवरून हात आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कोन, बिघडलाय, अलाइनमेंट करून घ्या.

आता ब्रेक. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत मी संशय सर्वांत आधी इथेच घेईन. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची लाल धूळ, या तिन्हींनी कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिन, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, जाम होतात. पॅड डिस्कला घासत राहतो आणि इंजिन दिवसभर ब्रेकशी झगडतं. पंधराएक किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून गाडी चालवा, हळूहळू थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान घ्या. हात लावून बघू नका. एकाच एक्सलच्या दोन चाकांत 30 अंशांहून जास्त फरक दिसला, तर तापलेलं चाक जॅकवर घ्या आणि हातानं फिरवा.

फिरत नसेल तर ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा कॅलिपरवरचा स्क्रू) जरासा सैल करा. चाक मोकळं झालं, तर ब्रेक ऑईलचा दाब अडकून राहत होता. म्हणजे ब्रेकची रबरी नळी आतून फुगली आहे किंवा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. तरीही जाम असेल, तर पिन किंवा पिस्टन. पिन काढून गंज घासा, ब्रेक क्लीनरनं धुवा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस चालत नाही. त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. निपल उघडला असेल, तर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका. पावसाळ्यात सपाटीवर गाडी चार दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. म्हणजे ब्रेकचा लायनर गंजून ड्रमला चिकटण्याची भीती राहत नाही.

चाकं मोकळी फिरतात, मग इंजिन. आपल्याकडे उकाडा असतो म्हणून थर्मोस्टॅट (कूलंट तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकायचा सल्ला अजून दिला जातो. तो चुकीचा आहे आणि महाग पडतो. कूलंट 85-95 अंशांवर पोचलं नाही, तर इंजिन अजून थंड आहे असं समजून संगणक जास्त इंधन सोडत राहतो. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा. वीसेक मिनिटं चालवूनही तापमान 70 च्या पुढे जात नसेल, किंवा चोर्ला घाट उतरताना धडाधड खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. स्कॅनरवर दिसणारा पी 0128 हा दोषाचा कोडही तेच सांगतो. नवा बसवताना गॅस्केट बदला, कूलंट कंपनीनं सांगितलेलंच भरा आणि सिस्टिममधली हवा काढा.

पेट्रोल गाडीत त्यानंतर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय तो स्कॅनरवरचा आकडा. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) ट्रिम यांची बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना 10 टक्क्यांच्या आत हवी. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) +20 आणि 2500 आरपीएमला जवळपास शून्य, तर कुठून तरी हवा ओढली जातेय. व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा. मोठा उणे आकडा असेल, तर गळका इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) बघा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला भेग असेल, तर बाहेरची हवा आत येते, सेन्सर फसतो आणि गाडीला नको असताना जादा पेट्रोल मिळतं. मळलेल्या एअर फिल्टरनं मात्र इंजेक्शनच्या गाडीत जोर घटतो, ॲव्हरेज फारसं नाही.

बीएस-6 डिझेलचं दुखणं वेगळं. पणजीत रोज चार किलोमीटर जायचं आणि बंद करायचं, अशा वापरात डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) काजळी जाळण्याचं काम दर वेळी अर्धवट राहतं. त्यासाठीचं जादा डिझेल वाया जातं आणि थोडं ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, तर ऑईल लगेच बदला. आठवड्यातून एकदा महामार्गावर 20-25 मिनिटं एका वेगात गाडी चालवा.

दुरुस्तीनंतर कोड पुसले किंवा बॅटरी काढली असेल, तर संगणक ट्रिम पुन्हा शिकतो. पहिली टाकी हिशेबात धरू नका. दुसरीपासून मोजा, तोच रस्ता आणि तोच पंप ठेवून.