ओढ्याकाठची शिकारी माशी

(दृश्य: दाजीपूरच्या जंगलातला ओढा. पाऊस नुकताच उघडलाय. ओल्या पानावर एक काळी माशी, तिच्या पायांत दुसरी नाजूक माशी.)

राधानगरी अभयारण्यात माणसं गवा बघायला येतात. आपण मात्र आज ओढ्याकाठच्या या पानापाशी थांबणार आहोत. वरच्या माशीची लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. तिची सोंड खालच्या माशीत रुतलीय, आणि खालची केव्हाच मेलीय.

ही डान्स फ्लाय. असा फोटो दाखवला की बहुतेक जण रॉबर फ्लाय म्हणून मोकळे होतात, कारण तीही शिकारी आणि तीही अशीच पानावर बसून खाते. म्हणून आधी डोकं मोठं करून बघायचं. रॉबर फ्लायच्या टाळूवर, दोन डोळ्यांच्या मधोमध, खळगा असतो आणि तोंडावर राठ केसांची दाढी. इथे दोन्ही नाहीत. डोकं लहान, गोल, आणि डोळे वरच्या बाजूला एकमेकांना भिडलेले. रंकाळ्याकाठच्या झुडपांवर लांब पायांच्या झळाळत्या हिरव्या माश्या दिसतात, त्या हिच्या जवळच्या नात्यातल्या. पण ही मिट्ट काळी आहे आणि पाठीला चांगलाच कुबड आहे.

(दृश्य: मागच्या पायाचा क्लोजअप.)

आता पाय. या माश्यांत मला सगळ्यात विलक्षण वाटतात ते पायच. मागची मांडी फुगलेली, तिच्या खालच्या कडेला काट्यांची रांग. कुबड, पुढे रोखलेली जाडसर सोंड आणि ही मांडी एकत्र दिसली, की वंश हायबॉस. प्लॅटिपॅल्पस या दुसऱ्या वंशात जाड मांडी मधल्या पायाची असते. ती माशी पानावर तुरुतुरु पळते आणि भक्ष्य मधल्या पायांत आवळते. पाण्याजवळच्या हेमेरोड्रोमियाचे तर पुढचेच पाय प्रार्थनाकीटकासारखे पकड घेणारे. म्हणजे कोणती मांडी जाड, एवढं फोटोत दिसलं तरी माशी भक्ष्य कसं धरते ते कळतं आणि नावाच्याही जवळ पोहोचता येतं.

एम्पिस वंशाची गोष्ट वेगळी. तिची सोंड लांब आणि खाली वळलेली. पंखाच्या टोकाजवळ एका शिरेला फाटा फुटतो. हायबॉसमध्ये ती शीर सरळ कडेपर्यंत जाते. पण माशीनं पंख पाठीवर एकावर एक मिटले, की वरून काढलेल्या फोटोत शिरांचा गुंता होतो. उजेड पंखातून आरपार येईल असा कोन शोधावाच लागतो.

(दृश्य: पाण्यावर वरखाली करणारा माश्यांचा थवा.)

डान्स फ्लाय हे नाव पडलं ते अशा थव्यांवरून. एम्पिसच्या अनेक जातींत नर शिकार करून मादीला भेट देतो आणि ती खाईपर्यंत मीलन चालतं. यातल्या कित्येक जातींच्या माद्या स्वतः शिकार करतच नाहीत. त्यामुळे जोडीच्या फोटोत भक्ष्य दिसलं, तर ते बहुधा नरानं आणलेलं. हिलारा वंशातल्या नराच्या पुढच्या पायाचा एक भाग फुगीर असतो, त्यात रेशीम तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. काही नर भक्ष्य रेशमात गुंडाळून देतात. युरोपातल्या आल्प्समधला हिलारा सार्टोर तर भक्ष्याशिवाय नुसतंच रेशीम घेऊन उडतो. त्या फुगीर पायाचा स्वच्छ फोटो मिळाला, तर वंश आणि लिंग दोन्ही कळतं.

बऱ्याच माश्यांत फक्त नराचे डोळे भिडलेले असतात. हायबॉसमध्ये मात्र नर आणि मादी दोघांचेही डोळे भिडलेले असतात, तेव्हा डोळ्यांवरून लिंग सांगू नये. पोटाचं टोक बघावं. जात ठरवायची तर बहुतेक वेळा नराचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, आणि ते या फोटोतून शक्य नाही. म्हणून आपण लिहितो: हायबॉस, जात अनिश्चित. घाईनं चिकटवलेल्या चुकीच्या नावापेक्षा ही अर्धी नोंद कितीतरी उपयोगी आहे.

अशी माशी दिसली तर एका फोटोवर थांबू नका. एक बरोबर कडेनं, एक समोरून, एक पंखाचा, एक पोटाच्या टोकाचा. सोबत तारीख, ठिकाण, आणि पाणी किती जवळ होतं ते लिहा. तिच्या पायांतल्या भक्ष्याचाही वेगळा फोटो घ्या. ते कोण होतं, हेही ओळखायचं आहे.