शॉकअप गळला, पाटा तुटला: वॉरंटी कुठवर मागायची?

(फोर-बाय-फोर मालकांच्या पावसाळापूर्व मेळाव्यात पुण्यातल्या एका सस्पेन्शन-दुरुस्तीकाराने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाळा तोंडावर आला आहे. पुढचे चार महिने माझ्या गॅरेजात काय काय येणार ते मी आत्ताच सांगू शकतो. गाडी चिखलाने माखलेली, मालकाच्या एका हातात तुटका लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनचे भाग जोडणारी दांडी, आणि दुसऱ्या हातात बिल. "हे का तुटलं?" असं क्वचितच कोणी विचारतो. विचारतात ते "हे वॉरंटीत बसतं का?" आणि भांडणाला सुरुवात होते ती इथेच. कारण वॉरंटीत बसतं की नाही हे का तुटलं त्यावर ठरायला हवं, आणि ते कोणालाच नको असतं. कंपनीला "ऑफ-रोड केलंत ना?" म्हणून फाइल बंद करायची असते. मालकाला "वर्षाच्या आत तुटलं ना?" म्हणून नवा पार्ट हवा असतो. दोघंही कारणाला बगल देतात. आज मी त्या कारणाबद्दलच बोलणार आहे.

आधी झिजेचं बोलू. बुश घ्या, सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेला रबरी भाग. धातूच्या नळीला रबर चिकटवलेलं असतं आणि दणके त्या रबराने पचवायचे असतात. म्हणजे ते झिजणारच, त्यासाठीच ते तिथे बसवलंय. कोकणातली लाल माती, नाल्यातलं पाणी, वरून गळणारं इंजिन ऑइल, सगळं त्याला खातं. वॉरंटीच्या पुस्तिकेत ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांच्याच रांगेत रबरी भाग लिहिलेले असतात, त्यात फसवाफसवी काही नाही. दोन पावसाळे रानात फिरवलेल्या गाडीचा बुश फाटला तर खिशात हात घाला आणि नवा टाका. पण कधीकधी बुश काढल्यावर दिसतं की रबराला साधा तडाही नाही, ते नळीपासून सबंध सुटून आलंय आणि नळी चकचकीत स्वच्छ आहे. म्हणजे चिकटवण्यातच खोट होती. असा बुश चार हजार किलोमीटरवर आला आणि समोरचा "रबरी भाग वॉरंटीत नाहीत" म्हणाला, तर तो पुस्तिकेचा आडोसा घेतोय. झीज वगळायची ती झीज असेल तेव्हा.

शॉकअपचंही, म्हणजे चाकाचे हेलकावे आवरणाऱ्या तेलाच्या नळकांड्याचंही, तसंच. अंगावर तेलाचा पातळ थर आणि त्यावर धूळ बसली की लोक घाबरून येतात. अरे, तो घाम आहे. नळकांड्यातली दांडी, म्हणजे रॉड, आत-बाहेर करताना तेल अडवणारं रबरी सील ओलं राहावं म्हणून थोडं तेल बाहेर येतंच. ओघळ दिसला, खाली थेंब पडायला लागले, तर गळती. मग मी पहिल्यांदा रॉड पुसतो आणि नखाने चाचपतो. रॉडवर हार्ड क्रोमचा मुलामा असतो. दगडाची एक ठेच लागली की तिथे बारीक खड्डा पडतो आणि प्रत्येक हेलकाव्याला तो सीलचा काठ खरवडत जातो. चिखल रॉडवर सुकला आणि तशीच गाडी पळवली तरी हेच होतं. नखाला काही अडकलं, तर ती बाहेरची इजा. कंपनीशी भांडू नका. रॉड आरशासारखा आहे आणि तरी सहा महिन्यांत सील गेलं, तर मात्र दावा करा, जोरात करा. मधली एक तऱ्हा आहे: रॉडचं क्रोम एकाच बाजूने घासलेलं. त्यात बनवणाराही निर्दोष असतो आणि चालवणाराही. शॉकअप तिरका बसवलाय किंवा गाडी हवेत असतानाच खालचे बोल्ट आवळलेत. ते बिल बसवणाऱ्या गॅरेजचं. होय, माझ्यासारख्याचं.

लडाख-स्पितीला जाऊन आलेले सांगतात, "शॉकअप मेले होते हो, आता बरे आहेत." बरोबर आहे. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटालाटांच्या रस्त्यावर तासभर कडकडाट चालला की साध्या ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकअपमधलं तेल तापतं, फेसाळतं, आणि दम निघून जातो. थंड झालं की परत येतो. तो दोष नव्हे, त्या किमतीच्या शॉकअपची मर्यादा आहे.

आता मोडतोड. इथे मला जरा वेळ द्या, कारण तुटलेला तुकडा जेवढं सांगतो तेवढं दहा फोटो आणि वीस ईमेल सांगत नाहीत. मागच्या हंगामात जुन्या थारचा मेन पाटा आला, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांतली मुख्य पट्टी. 2020 च्या आधीची गाडी, मागे पाटेच. मालकाचं म्हणणं: नवा बसवला, काही महिन्यांत मधोमध तुटला, पाटाच निकृष्ट. मी तुकडा उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ अर्धा भाग काळपट, गंजलेला. त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक, गोलसर रेषा, एकामागे एक. उरलेला अर्धा भाग खरखरीत आणि ताजा चमकता. म्हणजे पाटा त्या दिवशी तुटलाच नव्हता. तडा कित्येक आठवडे रोज थोडा थोडा पुढे सरकत होता आणि शेवटच्या दणक्याला उरलेलं पोलाद सुटलं. रेषांचा उगम शोधला तर तो थेट सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकाच्या कडेला. आणि पाट्याच्या पाठीवर यू-बोल्टच्या (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) प्लेटने घासून केलेले लखलखीत पट्टे. पाटे नवे बसवले की थोडं चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि ताण ढिला पडतो. ते कोणी केलंच नव्हतं. ढिल्या यू-बोल्टमध्ये पाटा भोकापाशी वाकत राहतो, आणि भोकापाशीच तो सगळ्यांत कमजोर. निकृष्ट पोलाद वगैरे काही नाही.

उलट बाहेरून विकत घेतलेल्या एका सस्पेन्शन किटचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारी खालची भुजा, आला होता, वेल्डपाशी तुटलेला. आर्म कुठेही वाकलेला नाही, टायर-रिमवर ठोकरीची खूण नाही. वेल्ड उघडा पडला तिथे आतली एक कडा गुळगुळीत, कारखान्यात कापलेली होती तशीच. म्हणजे वेल्डचा धातू तिथे वितळून एकजीव झालाच नव्हता. हा शंभर टक्के बनवणाऱ्याचा दोष, मग गाडी ताम्हिणीच्या ओढ्यात असो की लक्ष्मी रोडवर. विकणाऱ्याने आधी "ऑफ-रोड वापर" म्हणून नकार दिला. मी हसलो. आर्म ऑफ-रोडचा म्हणून विकायचा आणि ऑफ-रोड नेला म्हणून वॉरंटी नाकारायची! त्या वेल्डचे जवळून काढलेले फोटो पाठवले, तेव्हा आर्म बदलून आला.

दगडावर आदळून आर्म वाकला, बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) निखळला, तर ते वॉरंटीचं कामच नव्हे. तो अपघात. इन्शुरन्सकडे जा. पण तिथली गंमत ऐका: मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. शोरूमवाला म्हणतो अपघात आहे, इन्शुरन्सकडे जा. सर्व्हेअर म्हणतो यांत्रिक बिघाड आहे, शोरूमकडे जा. मधल्या मध्ये गाडी महिनाभर उभी. म्हणून ठोकर बसल्या बसल्या, गाडी हलवण्याआधी, दगडाचा आणि वाकलेल्या भागाचा एकत्र फोटो काढा. आणि स्पर्धेत गाडी उतरवली असेल, गोव्यातली रेनफॉरेस्ट चॅलेंज असो की गावातली एखादी शर्यत, तर दोन्हीकडून फार अपेक्षा ठेवू नका. कंपन्या आपल्या वॉरंटीत रॅली आणि स्पर्धा वगळतात, आणि पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी वगळलेली असते. हे न्याय्य आहे असं माझं मत. शर्यतीत गाडीचा जीव काढायचा असतो, तो खर्च शर्यतीचा.

गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावलं की वॉरंटी जाते का? हा प्रश्न येणारच होता. यूट्यूब बघून बरेच जण छातीठोकपणे सांगतात की कंपनीला तसं करता येत नाही, 1975 चा कायदा आहे. आहे, पण अमेरिकेचा आहे. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला सुट्या भागांच्या प्रकरणात 14 कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. त्यात एक मुद्दा असा होता की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच रद्द करा. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, आणि ते दुरुस्तीबद्दल होतं, लिफ्ट किटबद्दल नव्हे. म्हणून आदेशाचा कागद शोरूमच्या टेबलावर आपटू नका. पण त्यातला विचार मला पटतो आणि मी तोच लावतो. दोन इंच उचललेल्या थारचा एसी कॉम्प्रेसर गेला, तर लिफ्टचा काय संबंध? पण त्याच थारचा पुढचा वरचा बॉल जॉइंट किंवा ड्राइव्हशाफ्टचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, गेला, तर संबंध आहे, कारण उचलल्यावर ते कायम तिरक्या कोनात काम करतात. जिम्नी उचलली की तिचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला सरळ राखणारा पुढच्या चाकांचा कोन, कमी होतो, स्टिअरिंग थरथरायला लागतं. त्यासाठी शोरूमला जाऊन आरडाओरडा करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण बाजू मी घेणार नाही. मोठे, जड टायर लावणाऱ्यांनाही तेच. आणखी एक: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मज्जाव करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक घट्ट केलंय. तेव्हा बदल करताना वॉरंटीच्या आधी आरटीओचा विचार करा.

एवढं करूनही समोरचा ऐकत नसेल, तर ग्राहक आयोग आहे. आधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार टाका, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं तिथे चालतात, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. म्हणजे 80 हजारांच्या किटसाठी शुल्काची चिंता नको. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून हात जोडून सांगतो, तुटलेला तुकडा फेकू नका, वायर ब्रशने घासू नका, दोन्ही तोंडं एकमेकांवर बसवून "कसं जुळतंय बघ" करू नका. त्याने त्या रेषा पुसल्या जातात, आणि रेषा गेल्या की पुरावा गेला. थोडं तेल चोळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पार्ट शोरूमला देण्याआधी फोटो काढा, आणि दिल्याची पोच घ्या.

ताडोब्याहून आलेले मित्र इथे आहेत, सफारीच्या जिप्सीवाले. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही असं कोणीतरी त्यांना सांगितलंय. अर्धवट खरं आहे. स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर तुम्ही ग्राहकच. दहा गाड्यांचा ताफा असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी किट विकणाऱ्यांशी दोन शब्द, तुमच्यातले काही जण इथेच बसलेत. "पार्ट बदलून देऊ, मजुरी आणि कुरिअर ग्राहकाचं," असं तुमच्या कार्डावर बारीक अक्षरात असतं. सील झिजलं असेल तर ठीक आहे. पण जिथे वेल्डच बसलेला नाही तिथे आर्म काढायची, घालायची आणि अलाइनमेंटची मजुरी ग्राहकाने का भरायची? चूक कारखान्याची ठरली की मजुरीही कारखान्याची. आणि वर्षभर वापरलेल्या शॉकअपचं सील गेलं तर नवा शॉकअप देऊ नका, हवं तर सील किट द्या, तो उघडता येणाऱ्या जातीचा असेल तर मी बसवून देतो. ग्राहकानेही तेवढ्यावर समाधान मानावं, कारण वर्षभर तो शॉकअप त्याने वापरला आहे. माझ्याकडे त्या कामाची मजुरी किती, ते चहाच्या वेळी विचारा, माईकवर नको.