एक मिलिमीटर म्हणजे बहात्तर मिलिमीटर

श्रोतेहो, नमस्कार.

समोर टेबलावर सॉपविथ कॅमल आहे असं समजा. पहिल्या महायुद्धातलं दुपंखी लढाऊ विमान, एकास बहात्तर या प्रमाणातलं. खऱ्या कॅमलचा पंखविस्तार २८ फूट. मॉडेलचा पुरता १२ सेंटिमीटरही नाही, ११८ मिलिमीटर. किटच्या डब्यात जे नसतं ते घरी कसं घडवायचं आणि कसं रंगवायचं, त्याबद्दल आज बोलू. भाग कापणं, चिकटवणं, डिकॅल पाण्यात भिजवून सरकवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

सुरुवातीलाच एक हिशेब. तो कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. एक मिलिमीटर म्हणजे बहात्तर मिलिमीटर. परत सांगतो: मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे बहात्तर, म्हणजे जवळजवळ चार बोटं.

आता किटमधला पंख हातात घ्या आणि मागची कड बघा. पाऊण मिलिमीटर तरी जाड असते. गुणा बहात्तरने. चोपन्न मिलिमीटर! खऱ्या पंखाला तिथे कापड ताणून धरणारी बारीकशी कड असते. तुमच्या कॅमलला पंख नाहीत, फळ्या आहेत. म्हणून पहिलं काम घासायचं. पॉलिशपेपर सपाट काचेवर ठेवा, ३२० नंबरचा, ओला. पंख त्याच्यावर पालथा न घालता सरळ ठेवा, म्हणजे खालची बाजू घासली जाईल आणि वरच्या फासळ्या शाबूत राहतील. मग ६०० नंबर, मग १०००. उजेडाकडे धरल्यावर कड किंचित पारदर्शक दिसायला लागली की थांबा. तिथे जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास आलेली असते. त्याच्या पुढे गेलात तर कड लाटांसारखी वाकते, आणि नंतर पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, लागला की विरघळतेच.

आता कॉकपिट. इथे लागतं ०.१३ आणि ०.२५ मिलिमीटरचं प्लास्टिक शीट, जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा आणि ॲल्युमिनियम फॉइल. कॅमलची खुर्ची वेताची. फॉइलचा तुकडा बारीक विणीच्या कापडावर ठेवून बोटाने दाबा, वीण फॉइलवर उमटते. त्याच फॉइलमधून खुर्चीच्या पाठीचा भाग कापायचा. कमरेचा पट्टा मास्किंग टेपचा, १ मिलिमीटर रुंद. पट्ट्याचं बक्कल म्हणजे सुईभोवती गुंडाळलेल्या तारेचा एक वेढा, चिमट्याने चपटा केलेला. घड्याळांच्या तबकड्या काळ्या रंगाच्या ठिपक्यांनी करा आणि रंग वाळला की प्रत्येकावर चकचकीत वार्निशचा एकेक थेंब टाका, काच झाली. आणि ०.१३ च्या शीटला पातळ सिमेंट ब्रशने भरभरून लावू नका, शीट सुरकुततं. टोकाला लागेल न लागेल इतकंच.

पितळेचे तयार, कोरलेले पट्टे मिळतात. मिळू देत. ते चपटे असतात आणि चपटेच दिसतात. टेपचा पट्टा खुर्चीवर लोळतो, कडेवरून खाली पडतो. पट्ट्याने तेच करायचं असतं.

इतकं सगळं करायचं, आणि बघणारा बघणार हातभर अंतरावरून. मग तो नेमकं बघतो काय? याचं उत्तर ज्या गोष्टीत आहे ती मला कितीही वेळा सांगायला आवडते.

७ डिसेंबर १९४१. सकाळी पर्ल हार्बरवर हल्ला झालेला. त्याच रात्री एंटरप्राइज या अमेरिकन विमानवाहू जहाजाची ६ वाइल्डकॅट विमानं तिथे उतरायला आली. खाली सगळे भेदरलेले. आपलीच विमानं, आणि आपल्याच तोफांनी त्यांच्यावर मारा सुरू केला. तीन वैमानिक गेले. शत्रूचं विमान कुठलं आणि आपलं कुठलं, हे आकाशातल्या एका काळ्या ठिपक्यावरून दोन-तीन सेकंदांत ओळखायचं, हा प्रश्न त्या रात्रीपुरता नव्हता. प्रत्येक जहाजावर, प्रत्येक तोफेपाशी तो होता.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४२ मध्ये, अमेरिकन नौदलाने हाक दिली ती कारखान्यांना नव्हे, शाळांना. विमानांची मॉडेलं हवीत. किती? पाच लाख. ५० प्रकारची विमानं, प्रत्येक प्रकाराची १०,००० मॉडेलं. पाच लाख, श्रोतेहो! बाल्सा लाकूड तेव्हा युद्धाच्या कामासाठी राखून ठेवलेलं, म्हणून मुलांनी पाइनसारखी लाकडं तासली. आराखडे आले, त्यांच्याबरोबर आकार पडताळायचे साचे आले. धडाचा उभा छेद साच्याला लावायचा, पंखाचा लावायचा, फट दिसली की पुन्हा घासायचं. नीट जमलेल्या मॉडेलांसाठी मुलांना हुद्द्याची प्रमाणपत्रं मिळायची.

प्रमाण कुठलं? एकास बहात्तर. एक इंच म्हणजे सहा फूट. ते १९३२ पासून ब्रिटनमधल्या स्कायबर्ड्सच्या किटांमुळे रुळलेलं होतं. आणि त्याचा उपयोग बघा. मॉडेल दहा मीटरवर टांगलं की डोळ्याला ते ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. खोलीच्या एका टोकाला मॉडेल, दुसऱ्या टोकाला तोफेच्या नेम धरायच्या कड्यातून बघणारा खलाशी. वर्गात बसूनच पाऊण किलोमीटरवरच्या विमानाचा अंदाज घ्यायचा.

आणि रंग? सगळ्या मॉडेलांना एकच. काळा. झेंडा नाही, क्रमांक नाही, काचेवर चमक नाही. आकाशाच्या उजेडापुढे विमान काळंच दिसतं. पाच लाख मॉडेलांमध्ये रंगकाम म्हणून काही नव्हतंच, होती फक्त बाहेरची रेष. पंख धडाला कुठे चिकटतो, किती उचललेला आहे, नाक बोथट की टोकदार, शेपटी चौकोनी की गोल. त्यात चूक झाली की मॉडेल बाद, कारण त्या चुकीवरून शिकलेला खलाशी उद्या आपल्याच माणसावर बंदूक रोखणार. पुढे हीच मॉडेलं प्लास्टिकचीही निघाली, शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने ती सेल्युलोज ॲसिटेटमध्ये काढली. आज संग्राहकांकडे ती सापडतात तेव्हा पुष्कळांचे पंख वाकडेतिकडे झालेले असतात, कारण ते ॲसिटेट वर्षानुवर्षं आकसत जातं. मुलांनी लाकडात घडवलेली मात्र सरळ राहिली. हातकामाचा तास वेळापत्रकातून काढून टाकणाऱ्यांना ही दोन मॉडेलं शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत असं मला फार वाटतं. असो, तो विषय वेगळा.

आपल्या कामाचं यातलं काय? तर रंगाचा पहिला हात देण्याआधी मॉडेल काळं करून बघा. खरंखुरं काळं नको, खिडकीच्या उजेडापुढे धरा म्हणजे आपोआप काळं दिसेल. समोरून बघा, वरून बघा, बाजूने बघा. कॅमलचा वरचा पंख अगदी सपाट असतो आणि खालचा मात्र ५ अंश वर उचललेला. मॉडेलवर ५ अंश म्हणजे खालच्या पंखाचं टोक मुळापेक्षा साडेचार ते पाच मिलिमीटर वर. ते चुकलं तर आत वेताची खुर्ची असो की सोन्याची, ते विमान कॅमल नाही. दोन पंखांमधले खांब बसवताना वरचा पंख उलटा, सपाट काचेवर ठेवा, आणि खालच्या टोकांखाली पुठ्ठ्याचे एकाच मापाचे दोन तुकडे उभे करा. डोळ्याच्या अंदाजाने हे जमत नाही. परत सांगतो: वरचा सपाट, खालचा उचललेला.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात मॉडेल दसपट मोठं करून बघत बसणारे आणि एका ब्रशच्या केसाने हैराण होणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी दोन मीटर मागे सरकावं.

आता रंग, वेळ थोडा उरला आहे म्हणून भराभर. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूचा तो खाकी-तपकिरी-हिरवा रंग म्हणजे पीसी १०. पिवळी माती आणि थोडी काजळी, एवढंच त्यात असे. कशात मिसळलं, किती ऊन खाल्लं, यावर तो कधी हिरवट दिसे, कधी तपकिरी. त्यामुळे नेमकी छटा कुठली या वादात लोक वर्षं घालवतात, आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. तुम्ही जी घ्याल तिच्यात १० ते १५ टक्के पांढरा मिसळा. लहान वस्तूवर डब्यातला गडद रंग अधिकच गडद दिसतो. लाल असेल तर मात्र पांढरा टाकू नका, गुलाबी होतो. लालात नारिंगीचे दोन थेंब. आणि काळ्याऐवजी गडद करडा.

खालची बाजू न रंगवलेल्या कापडाची, सायीसारख्या पिवळसर रंगाची. फासळ्यांवरच्या पट्ट्या दाखवायच्या असतील तर ०.४ मिलिमीटर रुंदीच्या टेपच्या पट्ट्या फासळ्यांवर चिकटवा, मधल्या कापडावर किंचित गडद छटेचा अगदी पातळ फवारा मारा आणि टेप काढा. दिसेल न दिसेल इतका फरक हवा. ठळक दिसला तर फवारा जास्त झाला.

नाकावरचा फिरता पंखा लाकडाचे थर एकावर एक चिकटवून केलेला असे. फिकट बदामी रंग द्या, पूर्ण वाळू द्या, मग टोक काढलेल्या तपकिरी रंगीत पेन्सिलीने थरांच्या रेषा ओढा. पेन्सिलीची रेष बारीक येते आणि चुकली तर ओल्या बोटाने पुसता येते. वरून पारदर्शक नारिंगी वार्निशचा एक हात.

कॅमलचं इंजिनच पंख्याबरोबर फिरतं, आणि त्यात वंगण म्हणून एरंडेल. ते परत येत नसे, बाहेर उडत असे. इंजिनाच्या आवरणापासून मागे पोटाखाली त्याचे डाग. हे डाग काजळीसारखे काळे आणि मंद रंगवतात ते चूक. एरंडेलाचा डाग मधासारखा तपकिरी, आणि चकचकीत. पारदर्शक तपकिरीत चकचकीत वार्निश मिसळून, ब्रश समोरून मागे ओढायचा.

शेवटचं, दोन पंखांमध्ये ताणलेल्या तारा. तोपर्यंत रंग, डिकॅल, वार्निश, सगळं झालेलं हवं. किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या सांगाड्याचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीत नव्हे, फिरवत मऊ करा. बाहेर काढा, एक श्वास थांबा, मग ओढा. लगेच ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखा होतो, उशीर केला तर जाड राहतो. साधारण ०.१ मिलिमीटरचा तुकडा निवडा. कंपासने अंतर मोजून कापा आणि पांढऱ्या गोंदाच्या टिंबाने दोन्ही टोकं चिकटवा. सुपर ग्लू इथे नको, त्याची पांढरी वाफ रंगावर बसते. गोंद रात्रभर वाळू द्या. तार सैल वाटली तर पेटत्या उदबत्तीचं धुमसतं टोक जवळ न्या, एक सेंटिमीटरपेक्षा जवळ नाही. तार आकसून ताठ होते. जरा जास्त वेळ धरली की मधोमध तुटते, आणि मग दोन्ही टोकांचा गोंद खरवडून पहिल्यापासून मापं घ्यावी लागतात. म्हणून तारांचे चार-पाच तुकडे आधीच जास्तीचे ओढून ठेवा.

नमस्कार.