खारीची शेपटी आणि टपालखर्च

४ सप्टेंबर १८९३. स्कॉटलंडमधलं डंकेल्ड. सत्तावीस वर्षांची बिअ‍ॅट्रिक्स पॉटर, पुढे ‘पीटर रॅबिट’ या मुलांच्या चित्रपुस्तकानं गाजलेली, पत्र लिहायला बसली आहे. तिच्या जुन्या शिक्षिकेचा मुलगा, पाच वर्षांचा नोएल मूर, लंडनला आजारी पडलाय.

आजारी मुलाला मोठी माणसं काय लिहितात, ते आपल्याला पाठ आहे. औषध वेळेवर घे, आईला त्रास देऊ नकोस, अनेक आशीर्वाद. बिअ‍ॅट्रिक्स मात्र सुरुवातीलाच सांगून टाकते, तुला काय लिहावं ते सुचत नाहीये. तेव्हा चार सशांची गोष्टच ऐक.

हे ते पत्र. ओळ मध्येच थांबते, तिथे शाईनं काढलेला ससा येतो, मग गोष्ट पुढे सरकते. धड वाचता येत नसलं तरी अडत नाही. यातला पीटर ससा अगदीच मनाचा नव्हे. या नावाचा ससा तिनं पाळला होता.

दुसऱ्याच दिवशी धाकट्या एरिकला पत्र गेलं. त्यात ससे नाहीत, मासे धरायला निघालेला बेडूक आहे. एका घरात दोन पत्रं गेली की मुलं ती ताडून बघणारच, हे तिला पक्कं ठाऊक असावं! पुढे बहीण नोराला खारींची गोष्ट मिळाली.

नोएलनं आपलं पत्र जपलं होतं. काही वर्षांनी तिनं ते उसनं मागून घेतलं, गोष्ट वाढवली. प्रकाशक घेईनात, म्हणून डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चानं २५० प्रती छापल्या. पुढचं जगाला माहीत आहे.

मला मात्र तिचं नंतरचं टपाल जास्त आवडतं. चिमुकली पत्रं, पाकिटासारखी दुमडलेली, कोपऱ्यात हातानं काढलेलं तिकीट. ती मुलांना मिळायची, पण लिहिलेली असायची तिच्या गोष्टींतल्या प्राण्यांनी एकमेकांना. मुलांनी दुसऱ्यांची पत्रं चोरून वाचायची, एवढंच!

नटकिन खारीची शेपटी घुबडानं तोडलेली. ती खार थेट सा. न. वि. वि.च्या थाटात घुबडाला लिहिते, शेपटीवाचून फार अडतंय, कृपया परत करावी, टपालखर्च मी देईन.

घुबडाकडूनही उत्तर येतं. शेपटी मागेच खाल्ली, खाताना घशात अडकली होती. यापुढे पत्र पाठवू नये, उपद्रव होतो.