मे महिन्याचा पगार

श्रोतेहो, नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. कागदावर सध्या आम्हाला उन्हाळी सुटी आहे. पण काल सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत मी पेपर तपासणीच्या केंद्रावर होते. लांबलचक हॉल, पडदे ओढूनही आत येणारी धग, टेबलांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि प्रत्येकाच्या हातात लाल पेन. माझ्या शेजारच्या टेबलावर आमच्याच विभागातला एक तरुण सहकारी बसला होता. वय चौतीस, एम.ए., सेट ही प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पीएच.डी. आम्ही दोघं एकाच वर्गाच्या, एकाच विषयाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. या मे महिन्याचा पगार माझ्या खात्यात जमा होईल. त्याच्या खात्यात येईल ते तपासलेल्या पेपरांचं तुटपुंजं मानधन, तेही कधीतरी. शिकवण्याचं त्याचं शेवटचं बिल एप्रिलमध्ये निघालं, ज्या आठवड्यात त्याचा शेवटचा तास झाला त्याच आठवड्यात. विभागप्रमुख म्हणून त्या बिलावर सही माझी आहे.

ही सही मला दर वर्षी जड जाते. म्हणून आज हा विषय तुमच्यासमोर मांडते आहे.

सरकारी भाषेत या प्रकाराला ‘तासिका तत्त्व’ म्हणतात. आम्ही बोलताना सीएचबी म्हणतो, म्हणजे ‘क्लॉक अवर बेसिस’. महाविद्यालयात कुणी नवा रुजू झाला की स्टाफरूममध्ये पहिली विचारपूस होते ती, ‘फुल टाइम की सीएचबी?’ सीएचबीवरच्या माणसाला पगार नसतो, मानधन असतं, आणि ते तासांवर मोजलं जातं. वर्गात गेलात, शिकवलंत, मस्टरवर सही केलीत, तर तो तास तुमचा. सोमवारी दोन तासिका असतील आणि सणाची सुटी सोमवारी आली, तर त्या दोन गेल्या. स्नेहसंमेलनाचा आठवडा गेला. निवडणुकीसाठी खोल्या ताब्यात घेतल्या, ते दिवस गेले. एप्रिलमध्ये परीक्षा सुरू झाल्या की सगळंच थांबतं, ते थेट पुढचा नेमणुकीचा आदेश हातात पडेपर्यंत.

शिक्षकाचं काम म्हणजे नेमकं किती, हे आपल्याकडे लिहून ठेवलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचं काम आठवड्याला किमान ४० तासांचं धरलं आहे. त्यात प्रत्यक्ष अध्यापनाचे तास सहायक प्राध्यापकाला १६, सहयोगी प्राध्यापकाला आणि प्राध्यापकाला १४. म्हणजे सोळा तास शिकवायचं तर त्याच्या मागेपुढे चोवीस तासांचं काम असतं, हे आयोगानेच मान्य केलं आहे. वाचन, टिपणं, चाचण्या, तपासणी, संशोधन, विद्यार्थ्यांच्या शंका हे सगळं त्या चोवीस तासांत येतं. त्याच नियमावलीत वर्षाच्या ५२ आठवड्यांची वाटणीही आहे. महाविद्यालयांसाठी ३० आठवडे अध्यापन, १० आठवडे प्रवेश आणि परीक्षा, १० आठवडे सुटी, २ आठवडे सार्वजनिक सुट्या. मला पगार मिळतो तो बावन्न आठवड्यांचा. सीएचबीवरच्या माणसाच्या वर्षात आठवडे तीसच. बावीस आठवडे तो आमच्या हिशेबात नसतोच.

मग त्या बावीस आठवड्यांत तो कुठे असतो? परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करतो. गठ्ठे तपासतो. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असेल तर विभागाच्या फाइली लावतो, आणि खरं सांगते, संगणकावरचं काम आमच्यापेक्षा त्यालाच चांगलं जमतं म्हणून आम्ही ते त्याच्याकडेच देतो. जून उजाडला की प्रवेशाच्या टेबलावर बसतो. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन बारावी झालेल्या मुलांच्या घरी प्रवेशाची माहिती देतो, कारण विद्यार्थिसंख्या घटली तर तुकडी जाईल आणि तुकडी गेली तर पहिल्यांदा त्याचेच तास जातील. हे सगळं तो ‘नाही’ न म्हणता करतो. पुढच्या वर्षीचा आदेश अजून निघायचा असतो ना.

लोक म्हणतात, प्राध्यापकांना काय, सुट्याच सुट्या. माझ्यापुरतं याचं उत्तर सोपं आहे. सुटी माझ्या सेवेचा भाग आहे, आणि सुटीत मला कामावर बोलावलं तर त्या दिवसांच्या एक तृतीयांश अर्जित रजा माझ्या खात्यावर जमा होते. म्हणजे उन्हाळ्यातल्या कामाला मोल आहे, हे नियमाला ठाऊक आहे. पण हा नियम शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

मी स्वतः चार वर्षं सीएचबीवर होते. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मे महिन्यात मी थोरल्या दिरांच्या खताच्या दुकानात हिशेब लिहायला बसायचे. मृगाच्या आधी गर्दी असायची, बियाणं-खतांची उधारी मांडायची असायची. एकदा माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील दुकानात आले. मला तिथे पाहून दचकले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, कॉलेज सोडलं का तुम्ही?’ मी म्हटलं, नाही, सुटी आहे. ते म्हणाले, ‘मग सुटीत तरी आराम करायचा.’ भल्या मनाने बोलले. मी खाली मान घालून पावती फाडली. कामाची लाज मला कधीच वाटली नाही. दुकान आमचंच होतं. पण आपण शिक्षक आहोत की नाही, याचं उत्तर महिन्यागणिक बदलतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख कळलं.

आता थोडं गणित मांडते, विषयच माझा तो आहे. आमच्याकडे एका रिकाम्या जागेच्या तासिका दोघांत वाटल्या जातात. माझ्या सहकाऱ्याच्या वाट्याला आठवड्याला नऊ येतात. हिशेब सोपा जावा म्हणून तासिकेला हजार रुपये धरू. पदवीच्या वर्गाला त्याला मिळणारा दर याहून कमीच आहे. नऊ तासिका, तीस आठवडे, म्हणजे २७० तासिका. एकही बुडाली नाही तर वर्षाचे २,७०,००० रुपये. बारा महिन्यांनी भागलं की महिन्याला २२,५००. आणि तीस आठवडे कधीच भरत नाहीत. वर्ग जूनअखेर किंवा जुलैत सुरू होतात, आदेश ऑगस्टमध्ये येतो. सातव्या वेतन आयोगात नव्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, महागाई भत्ता वेगळा, आणि ते बाराही महिने. पात्रता दोघांची एकच. राष्ट्रीय पातळीवरची नेट किंवा राज्याची सेट दोघांनाही लागते, अभ्यासक्रम तोच, विद्यार्थी तेच. अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी व्याख्यानामागे १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं ठरवलं. तो दर लावला तर नऊ तासिकांच्या माणसाला शिकवण्याच्या महिन्यांत जवळपास पन्नास हजार मिळाले असते. तरीही मे महिन्याचा रकाना कोराच राहिला असता, कारण मोजमाप पुन्हा व्याख्यानाचंच.

हा उन्हाळ्याचा प्रश्न नवा नाही, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोलून चाळीस वर्षं झाली. हरियाणातल्या शाळांमध्ये तेव्हा तात्पुरत्या शिक्षकांना थोड्या काळासाठी नेमत. उन्हाळ्याची सुटी लागायच्या सुमारास त्यांची सेवा संपवायची आणि शाळा उघडल्यावर पुन्हा नेमायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. सुटीचा पगार वाचत होता. रतनलाल नावाच्या शिक्षकाने आणि इतरांनी दाद मागितली. १९८५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने निकाल दिला. अशी वागणूक संविधानाच्या कलम १४ आणि १६ मधल्या समानतेच्या विरोधात आहे, रिकाम्या जागा नियमित पद्धतीने भरा, आणि तोवर जे काम करत आहेत त्यांना उन्हाळी सुटीचाही पगार द्या. प्रसूती रजेचा आणि वैद्यकीय रजेचा उल्लेखही त्या निकालात आहे. तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या विभागात पूर्वी सीएचबीवर एक मुलगी होती. बाळंतपणाआधी दोन आठवड्यांपर्यंत ती जिना चढून वर्गावर येत होती. नाही आली तर तास बुडेल, आणि एकदा तासिका दुसऱ्याकडे गेल्या की परत मिळतील याची खात्री नाही.

मग त्या निकालाचा फायदा आमच्या सहकाऱ्यांना का होत नाही? मी यावर बराच विचार केला आहे. हरियाणात शिक्षक नेमला जात होता, भले सहा-आठ महिन्यांसाठी असेल. नेमलेल्या माणसाला सुटीत घरी पाठवलं तर अन्याय दिसतो, तो न्यायालयाला दाखवता येतो. तासिका तत्त्वात माणूस नेमलाच जात नाही, तास नेमला जातो. तासाला उन्हाळा नसतो, आजारपण नसतं, पोटात बाळ नसतं, भविष्य निर्वाह निधी नसतो. माणसाची सेवा खंडित केली असं म्हणायलाही सेवा आधी धरावी लागते. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे, दर थोडा वाढवून ते मूळ हलत नाही.

२०१७ चा उन्हाळा अनेकांना आठवत असेल. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. तयारी पुरी नव्हती, निकाल लांबत गेले, राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती गाठण्यासाठी जुलैअखेर काही दिवस महाविद्यालयांतले वर्ग बंद ठेवले, म्हणजे शिक्षक तपासणीला मोकळे होतील. निकाल तरीही रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. वर्तमानपत्रांत मुलांच्या हुकलेल्या प्रवेशांबद्दल आलं, ते यायलाच हवं होतं. मला मात्र तेव्हा वाटत होतं, वर्ग बंद म्हणजे सीएचबीवरच्या माणसाची तासिका बंद. तो पडद्यासमोर बसून डोळे दुखेपर्यंत पेपर तपासणार, आणि त्याच दिवसांचं त्याचं शिकवण्याचं मानधन बुडणार.

आता उन्हाळ्यात आणखी काम येऊ घातलंय. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सुटीतल्या आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं असेल तर विद्यार्थ्याने उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा, म्हणजे चार क्रेडिट्सचा, व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करायची. चार श्रेयांकांची इंटर्नशिप म्हणजे १२० तास. ही कल्पना मला मनापासून आवडते. गावातल्या पतसंस्थेत किंवा बाजार समितीत महिनाभर बसलेली मुलगी अर्थशास्त्र किती वेगळ्या तऱ्हेने समजून घेते, ते मी पाहिलं आहे. पण मुलीला त्या पतसंस्थेत पाठवायचं तर तिथल्या व्यवस्थापकाशी आधी कुणीतरी बोलायला हवं. आठवड्यातून एकदा जाऊन बघायला हवं, तिचा अहवाल वाचून दुरुस्त करायला हवा, गुण भरायला हवेत. मे महिन्यात हे कोण करणार? आमच्या विभागात पूर्वी चार पूर्णवेळ शिक्षक होते. दोन निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. म्हणजे उन्हाळी सत्राचा मार्गदर्शक बहुतेक वेळा तोच, ज्याचं बिल एप्रिलमध्ये बंद झालं आहे.

अमेरिकेत शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. तिचा करार नऊ महिन्यांचा आहे. उन्हाळ्यात वर्ग घेतला तर त्याचे पैसे वेगळे ठरतात, आणि नऊ महिन्यांचा पगार हवा तर बारा हप्त्यांत घेता येतो. तिथेही तासावर राबणारे शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांचे हाल आहेत, हे तीच सांगते. पण उन्हाळ्यातलं शिकवणं हे काम आहे आणि त्याचे पैसे आधी लिहून ठरवायचे, एवढी गोष्ट तिच्या करारात स्पष्ट आहे.

गेल्या काही वर्षांत पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर नेट-सेट-पीएच.डी. झालेली मुलं-मुली उन्हातान्हात बसली. भरतीवरची बंदी उठवा, ही त्यांची मागणी. राज्यात २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागांना आणि २०२१ मध्ये २,०८८ जागांना मंजुरी मिळाली. नियमित भरती हाच खरा उपाय आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भरतीची फाइल फिरते तोवर आठ-दहा उन्हाळे जातात आणि माणसाचं लग्नाचं, मूल होण्याचं, घर उभं करण्याचं वय त्यात सरतं. म्हणून तोवरची सोय मागते आहे. नेमणूक तासाची नको, वर्षाची द्या. जूनपासून मेपर्यंत. आदेश पहिल्या तासाच्या आधी हातात पडू द्या. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळू द्या. परीक्षेचं, प्रवेशाचं, उन्हाळी सत्राचं काम त्याच्या कार्यभारात लिहा. गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं आहे, आणि समारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणणं पुरेसं नाही, शिक्षकांना आपण कसं वागवतो त्यात ते दिसायला हवं, असंही बजावलं आहे. तो निकाल आपल्या राज्यातल्या धोरणकर्त्यांनीही वाचावा.

श्रोत्यांमध्ये ज्यांची मुलं यंदा बारावी झाली आहेत, त्यांनी एक करावं. जूनमध्ये प्रवेशासाठी जाल तेव्हा शुल्क आणि वसतिगृह विचारता, तसं हेही विचारा: या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासावरचे किती? रागाने नको, सहज विचारा. पालक विचारू लागले की संस्थांना उत्तर तयार ठेवावं लागतं आणि वर पत्र पाठवावं लागतं, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या त्या प्रश्नाला उत्तर देणारा कदाचित माझा सहकारीच असेल. पंधरा जूनपासून तो प्रवेशाच्या टेबलावर बसणार आहे. काल निघताना मी त्याला म्हटलं, आदेश आल्याशिवाय येऊ नकोस. तो म्हणाला, ‘मॅडम, मुलं यायला लागतील ना.’ आणि उरलेला गठ्ठा त्याने मोजून, दोरीने बांधून जागेवर ठेवला.

नमस्कार.