सिम्पसन्समधले बॉनी आणि क्लाइड: विडंबन नक्की कुणाचं?

नमस्कार मंडळी! 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेवर व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. त्यातले नवरा-बायको होमर आणि मार्ज बॉनी-क्लाइड होतात, त्या भागावर बोला ना! मग आज तेच.

पाया पटकन उरकते, बहुतेकांना माहीत आहे. एकोणिसावा सीझन, १० फेब्रुवारी २००८, व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर दाखवलेला भाग. त्यात तीन प्रेमकथांचं विडंबन आहे आणि पहिली कथा बॉनी आणि क्लाइड या १९३० च्या दशकात खरोखर होऊन गेलेल्या अमेरिकन दरोडेखोर जोडीची. होमर क्लाइड, मार्ज बॉनी. दरोडे, प्रेम, आणि शेवटी गोळ्या. झालं.

आता खरं बोलायचं ते त्या कमेंट्सबद्दल. "कार्टूनवाल्यांनी इतिहासाची वाट लावली", "खरी बॉनी अशी नव्हतीच" अशा कमेंट्स. मंडळी, खरी बॉनी अशी नव्हती हे शंभर टक्के बरोबर. पण हे विडंबन खऱ्या बॉनीचं नाहीच! ते आहे १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड' या सिनेमातल्या बॉनीचं. आर्थर पेनचं दिग्दर्शन, वॉरन बेटी आणि फे डनअवे. कार्टून चिमटा काढतं तो त्या सिनेमाला, आणि त्या सिनेमाच्या प्रेमात पडलेल्या आपल्याला.

विडंबन जमायचं तर मूळ गोष्ट समोरच्याच्या डोक्यात आधीपासून हवी. केशवकुमारांची, म्हणजे आपल्या अत्र्यांची, विडंबनं आठवा. मूळ कविता पाठ असेल त्यालाच त्यातली खरी गंमत कळते. मग २००८ मध्ये अमेरिकेत टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय होतं? खरे बॉनी-क्लाइड जिथे मारले गेले ते १९३४ चं लुइझियाना? नाही हो. सिनेमाच होता.

शेवटच बघा ना. सिनेमात क्लाइड गाडीतून उतरलेला असतो. मग धोका कळतो, दोघं एकमेकांकडे बघतात, आणि गोळीबार सुरू. वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांवर टिपलेला, मध्येच संथ होणारा. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दिवे लागले तरी कुणी उठत नव्हतं. मरणं इतकं सुंदर दाखवलंय की आपण त्या दोघांच्या बाजूचे होऊन जातो. आणि प्रत्यक्षात? २३ मे १९३४, सकाळची वेळ, गिब्सलँड गावाजवळचा रस्ता. झुडपांत सहा पोलीस. गाडीचा वेग कमी झाला आणि त्यांनी गोळ्या झाडल्या, शंभराहून जास्त. दोघं गाडीतच गेले. उतरणं नाही, नजरानजर नाही. कार्टूनमधला शेवट बघताना तुम्हाला जो शेवट आठवतो तो सिनेमातला. म्हणजे विडंबन कुणाचं झालं?

दुसऱ्या बाजूने सांगते. माझी भाची विचारत होती, "मावशी, बॉनी खरंच सिगार ओढायची का?" नाही. त्या सिगारमागे एक फोटो आहे, तो नीट समजून घ्या, सगळं इथूनच सुरू झालंय. एप्रिल १९३३, मिझुरीतलं जॉप्लिन. टोळी भाड्याच्या घरात लपलेली, पोलिसांशी चकमक झाली, दोन पोलीस ठार झाले आणि टोळी सामान टाकून पळाली. त्या सामानात न धुतलेले फिल्म रोल सापडले. एका फोटोत बॉनी गाडीला टेकून उभी, एक पाय बंपरवर, हातात पिस्तूल, तोंडात सिगार. आपापसात गंमत म्हणून काढलेला फोटो तो! बॉनी सिगारेट ओढायची, सिगार नाही. पण फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत गेला आणि ती कायमची "सिगार ओढणारी डाकूराणी" झाली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, उंची पाच फुटांच्याही आत. म्हणजे खरी बॉनी १९३३ मध्येच चित्रामागे गेली. त्या चित्रावर सिनेमा उभा राहिला, आणि सिनेमावर कार्टून.

आणि अजूनही पटत नसेल, तर काय गाळलंय ते बघा. जून १९३३ मध्ये टेक्ससमध्ये वेलिंग्टनजवळ त्यांची गाडी उलटली, बॉनीचा पाय भयंकर भाजला. त्यानंतर तिला धड चालता येत नव्हतं, बरेचदा क्लाइड तिला उचलून न्यायचा. क्लाइडही लंगडायचा (एवढं मात्र सिनेमात आहे), कारण ईस्टहॅमच्या तुरुंगातल्या शेतावरची मरणाची कामं चुकवायला त्याच्या पायाची दोन बोटं तोडलेली होती. लंगडणारी, जखमी, गाडीत झोपणारी, बँकांपेक्षा किराणा दुकानं आणि पेट्रोल पंपच जास्त लुटणारी ही जोडी. बॉनीच्या त्या भाजलेल्या पायावर कार्टूनने विनोद का केला नाही? कारण तो सिनेमात नाही! ज्या गोष्टीची आठवणच नाही, तिचं विडंबन कसं होणार?

राग यायचाच असेल तर तो सिनेमावर येऊ द्या. मला येतो. सिनेमा मला अतिशय आवडतो, तरीही येतो. त्यात फ्रँक हॅमर या पोलीस अधिकाऱ्याला ही जोडी पकडते, त्याची फजिती करते, त्याच्यासोबत फोटो काढते. प्रत्यक्षात गोळीबाराच्या त्या सकाळपर्यंत हॅमर आणि ते कधी समोरासमोर आलेच नव्हते. हॅमरच्या घरच्यांनी खटला भरला आणि निर्मात्यांना तडजोड करावी लागली. आणि १ एप्रिल १९३४ ला टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइनजवळ या टोळीने मारलेले दोन हायवे पोलीस, व्हीलर आणि मर्फी? मर्फीचं लग्न काही दिवसांवर आलं होतं. त्याची होणारी बायको लग्नाच्या पोशाखात त्याच्या अंत्यविधीला आली. हे सिनेमात कुठेच नाही. त्या वर्षी ही बातमी पसरल्यावर लोकांचं या जोडीबद्दलचं मत फिरलं होतं. तेहतीस वर्षांनी सिनेमाने ते परत उलटं फिरवलं.

"ताई, मग 'बंटी और बबली'चं काय?" असंही विचारलंय बऱ्याच जणांनी. नाव तिथूनच सुचलेलं दिसतं, पण ते दोघं ठग, गोड बोलून फसवणारे. तिथे बंदुकीचा धाक नाही, मुडदे नाहीत. तो विडंबनाचा प्रकारच नाही, त्यामुळे या व्हिडिओत तो बसत नाही.

आता एक करा. आधी सिनेमाची शेवटची पाच मिनिटं बघा आणि लगेच सिम्पसन्सचा तो भाग लावा, याच क्रमाने. मग होमर-मार्जची कुठली गोष्ट थेट सिनेमातून उचललेली सापडते, ते खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत तुमच्या कमेंट्स घेऊन बसणार आहे.