खंडणीपायी गेलेला पोरगा

श्रोतेहो, नमस्कार. आज हंगेरीतल्या एका चित्रकाराविषयी बोलायचं आहे. नाव आदाम मान्योकी. पुन्हा सांगतो, आदाम मान्योकी. जन्म 1673 चा, सोकोया नावाच्या खेड्यातला.

वडील कॅल्विनपंथी, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक. गावात मान होता, पण घरात चणचण. तो काळ तुर्क आणि ऑस्ट्रियाचा सम्राट यांच्या झुंजीचा. फौज कुणाचीही येवो, दाणागोटा आणि खंडणी गावानंच भरायची. आता त्याच्या चरित्रात सांगतात ती गोष्ट ऐका. सम्राटाच्या फौजेतल्या एका जर्मन अधिकाऱ्याला हा पोरगा आवडला. तो म्हणाला, मुलगा मला द्या, मी त्याला वाढवतो, शिकवतो. बदल्यात गावावरचा बोजा हलका करतो. आणि बापानं मुलगा दिला! गावाची खंडणी कमी झाली, पोरगा जर्मनीला गेला. आईला कुणी विचारलं होतं का, ते चरित्रकार लिहीत नाहीत. आयांना विचारल्याचं इतिहासात फारसं कुठं सापडतच नाही म्हणा.

पण त्या अधिकाऱ्यानं शब्द पाळला. पोराला शाळेत घातलं. पुढं हानोव्हरला आंद्रेआस शाइट्स या चित्रकाराच्या हाताखाली तो तयार झाला आणि बर्लिनच्या दरबारी माणसांची चित्रं काढू लागला.

आणि 1707 साली, म्हणजे आपल्याकडे औरंगजेब गेला त्याच साली, त्याला मायदेशातून बोलावणं आलं. बोलावणारा होता फेरेंस राकोत्सी, हंगेरीतला सगळ्यात मोठा जमीनदार. सम्राटाविरुद्ध 1703 पासून चाललेल्या उठावाचा हाच पुढारी. म्हणजे बघा, सम्राटाच्या फौजेतल्या माणसानं वाढवलेला मुलगा, आणि त्याच सम्राटाशी लढणाऱ्याचा चित्रकार झाला!

राकोत्सीकडे पैसा कुठं होता? सैनिकांचा पगार तांब्याच्या नाण्यांत, आणि ती नाणी बाजारात कुणी घेईना. तरी 1709 साली, लढाई हातातून निसटत असताना, त्यानं मान्योकीला हॉलंडला पाठवलं, हात आणखी तयार व्हावा म्हणून. का? तर त्या काळी राजाराजांत ओळख व्हायची ती चित्रांतून. आपला चेहरा परक्या दरबारात नीट पोचला पाहिजे, एवढंच.

1711 साली उठाव मोडला. राकोत्सी डान्झिग बंदरात, आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये, सारोशचा काउंट असं नाव घेऊन राहिला. तिथं 1712 मध्ये मान्योकीनं त्याचं चित्र काढलं. लक्षात ठेवा, 1712, डान्झिग. राज्य गेलेलं, जमीन गेलेली. चित्रात ना मुकुट, ना चिलखत. गळ्याशी उघडा सदरा, खांद्यावर मोकळे केस, मिशा, छातीवर ‘सोनेरी लोकर’ हा युरोपातला मोठा मानाचा बिल्ला. आणि नजर थेट तुमच्याकडे. हरलेल्या माणसाला त्यानं शूरवीर करून दाखवलं नाही. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर साठीच्या पुढाऱ्याचे गाल गुळगुळीत करणाऱ्यांनी हे चित्र एकदा तरी पाहावं, असं मला फार वाटतं. असो.

पुढच्याच वर्षी पोलंडचा राजा आणि सॅक्सनी या जर्मन राज्याचा अधिपती ऑगस्ट यानं मान्योकीला दरबारी चित्रकार केलं. मधली काही वर्षं तो हंगेरीत येऊन राहिला, तिथल्या सरदारांची चित्रं काढली. पण 1757 साली देह ठेवला तो सॅक्सनीच्या राजधानीत, ड्रेस्डेनमध्येच. राकोत्सीचं ते चित्रही सॅक्सनीच्या राजघराण्याकडं गेलं. ते परत यायला 1925 साल उजाडलं. मार्सेल नेमेश नावाच्या संग्राहकानं ते विकत घेऊन देशाला देऊन टाकलं. आता ते बुडापेस्टच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. तिथं जाणं होईल न होईल, पण कुणी नातेवाईक हंगेरीला जाऊन आलेले असतील, तर त्यांच्याकडं पाचशे फोरिंटची उरलेली नोट मागा. तिच्यावर राकोत्सीच आहे.